तरेकाकांची दोरी

तरेकाकांनी माझ्यावर पहिला आरोप केला तो दोरी वर सरकवल्याचा.

सकाळचे साडेसहा वाजले होते. तोंडात ब्रश आणि खांद्यावर टॉवेल अशा अवतारात मी दार उघडलं, तर काका समोर उभे. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट उलटतपासणी.

"सर, दोरी कोनी वर केली?"

"कुठली दोरी?"

"ही. कपडे वाळत घालायची. हुती तिथं न्हाय ती."

आमची इमारत भिवंडीतली जुनी, तीन मजली. दुसऱ्या मजल्यावर काकांचं दार आणि माझं दार शेजारी शेजारी, पुढे सामाईक गॅलरी. गॅलरीच्या कठड्याबाहेर दोन लोखंडी अँगल उभे आहेत, एक त्यांच्या दारासमोर, एक माझ्या. त्यांना बांधलेली निळी नायलॉनची दोरी काकांची. आमचे कपडे मागच्या ग्रीलमध्ये वाळतात. म्हणजे त्या दोरीशी माझा संबंध एवढाच, की तिचं एक टोक माझ्या दारासमोर येतं. काकांच्या लेखी एवढा पुरावा पुष्कळ होता.

मी चूळ भरून आलो आणि अँगलकडे बोट दाखवलं. "काका, अँगलला तीन भोकं आहेत. दोरी सगळ्यात वरच्या भोकात आहे. त्याच्या वर भोकच नाही. मी वर करणार कुठे?"

"तेच तर बोलतो मी. भोक न्हाय, तरी वर गेली. म्हंजे करनारा हुशार हाय." आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "तार तुटलीय कुठंतरी."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. काका पस्तीस वर्षं कापड तपासायच्या कामावर होते. लूमवरून उतरलेलं कोरं कापड काचेच्या टेबलावरून ओढायचं, काचेखाली ट्यूबलाइट, आणि कापडातली एखादी तार तुटलेली दिसली की तिथे निळ्या खडूनं गोल काढायचा. दिवसभर दुसऱ्याच्या चुका शोधायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा! असा माणूस रिटायर झाला म्हणून काय गप्प बसणार? खडू अजून त्यांच्या खिशात असतो. हातात येईल ती वस्तू ते आधी ट्यूबलाइटसमोर धरतात. पापड धरतात, रेशनकार्ड धरतात. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा धरली होती. "जावई ठीक वाटतो, पन कागद दोन जातीचा हाय," असा निकाल दिला. दूध घेताना ते दुधाकडे बघत नाहीत, दूधवाल्याच्या तोंडाकडे बघतात. का, तर म्हणे दूध काय सांगनार?

मला ते सर म्हणतात. मी शाळेत क्लार्क आहे, पण भिवंडीत शाळेच्या फाटकातून बाहेर पडणारा प्रत्येक पुरुष सर असतो. मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केलेली नाही.

तर त्या सकाळी काका टेप घेऊन आले. "सहा फूट तीन इंच. गॅलरीच्या फरशीपासून. पंधरा वर्षं एवढीच हाय." आम्ही मोजली. सहा फूट तीन इंच भरली. काका म्हणाले, टेप ताणली गेलीय. खालच्या शिंप्याची टेप आणली. पुन्हा सहा तीन. मग काका स्वतः कठड्यापाशी गेले, उजवा हात वर केला, आणि तो खांद्याच्या रेषेत येऊन अडकला. त्यांनी जोर लावला, तोंड वाकडं केलं, टाचा उचलल्या. हात तिथेच. ते त्या हाताकडे असे बघायला लागले, की मला वाटलं आता याचाही जबाब घेतात.

दारात विमलकाकू उभ्या होत्या. काकू लहानखुऱ्या, जेमतेम चार फूट दहा इंच. मान वर केली की त्यांना भोवळ येते, म्हणून त्या चालतातही खाली बघून, आणि गाडीत तर बसतच नाहीत. बोलायचं काम त्यांनी लग्नानंतर काकांकडे सोपवून टाकलंय. पण त्या दिवशी बोलल्या.

"अहो, दोरी कशाला वर जाईल? हात खाली आलाय तुमचा."

मग एकेक उलगडत गेलं. सहा महिने काका धोब्यावर सदरे आटवल्याचा आळ घेत होते. सदरे आटले नव्हते, बाहीत हात जात नव्हता. देवाची फळी कुणीतरी वर ठोकली म्हणून सुताराला घरी बोलावून झापला होता. पाठ खाजवायची लाकडी काठी आखूड मिळाली म्हणून दुकानदाराशी भांडून आले होते. या सगळ्या आरोपींची त्या एका सकाळी निर्दोष सुटका झाली. माफी मात्र कुणाला मिळाली नाही, मलाही नाही.

खांदा आखडला होता. साखरेच्या रोग्यांत हे फार होतं, असं डॉक्टर म्हणाले. काकांना साखर आहे, हे काकांना मान्य नाही. रक्त तपासणाऱ्यानं नळ्या बदलल्या असं त्यांचं मत आहे. पुढे वर्षभर उपाय चालले. तेल झालं, शेक झाला. शेक देणाऱ्या मशीनला ते म्हणाले, "चालू हाय की नुसता दिवा पेटतो?" खांद्यात इंजेक्शन दिलं, तर आधी बाटलीवरचं लेबल खिडकीच्या उजेडात धरून वाचलं. कुणीतरी सांगितलं, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पंधरा दिवस खांदा बुडवून बसा. तिसऱ्या दिवशी काका कुंडाच्या मागे भट्टी शोधताना सापडले.

"पानी आपोआप गरम व्हतं, यावर तुमचा इश्वास बसतो, सर? कुनीतरी खाली जाळ करतंय."

हात होता तिथेच राहिला. तेव्हा एक साधा उपाय सगळ्या इमारतीला सुचला. दोरी खाली घ्या! अँगलला खाली दोन भोकं रिकामी पडलीत. पाच मिनिटांचं काम. हे मी सुचवलं, वरच्या मजल्यावरच्यांनी सुचवलं, दूधवाल्यानंही सुचवलं. काकांनी प्रत्येकाला वेगळं कारण दिलं. मला म्हणाले, खाली घेतली तर खालच्या मजल्यावरून कपडे ओढतील. वरच्यांना म्हणाले, खालच्या भोकाला गंज हाय. दूधवाल्याला म्हणाले, बकरी खाईल. दुसऱ्या मजल्यावर बकरी!

"दोरी खाली येनार न्हाय," ते मला शेवटी म्हणाले. "हात वर जाईल. मना आभाळाला हात लावायचा न्हाय, सर. सहा फूट तीन इंच. बस्स."

आता मात्र मलाच संशय यायला लागला. इतक्या वर्षांच्या शेजारानं काकांची हवा मलाही लागली असणार. मला सांगा, कपडे वाळत घालते बायको, आणि दोरीच्या उंचीसाठी जीव टाकतो नवरा? कपडे काकूच घालतात, हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. आणि काय सुरेख घालायच्या! साडीच्या किनारीला किनार जुळलेली, एक सुरकुती नाही, पुठ्ठ्यावर गुंडाळल्यासारखी सरळ. मी उठायच्या आत दोरीवर सगळं तयार. आमची ही मला हिणवायची, "बघा, याला म्हणतात साडी वाळत घालणं." गेलं वर्षभर मात्र त्या साड्या तिरक्या पडायला लागल्या होत्या, सदऱ्याची एक बाही वर, एक खाली. काकूंचंही वय झालं, असं ही म्हणाली आणि आम्ही तो विषय सोडून दिला.

मग एका सकाळी काकांनी पुन्हा माझं दार वाजवलं. चेहरा उतरलेला.

"सर, आपला डॉक्टर बोलला हुता ती ठाण्याची डॉक्टरीन, ऑपरेशनवाली. तिच्याकडे न्या मना."

"अचानक? काय झालं?"

"काय न्हाय झालं. तुम्ही लय चौकशा करता," म्हणाले. हे मला त्यांनी म्हणावं!

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण खमक्या. त्यांनी काकांचा एक्स-रे भिंतीवरच्या उजेडाच्या काचेवर लावला आणि काका खुर्चीतून ताडकन उठले. काच, खालून ट्यूबलाइट. पस्तीस वर्षांचं टेबल भिंतीवर उभं केलेलं! त्यांनी चष्मा पुसला, बाईंना हातानं जरा बाजूला सारलं, आणि एक्स-रे या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला.

"माल ठीक हाय," ते म्हणाले. "एकपन डाग न्हाय."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "हाड चांगलंच आहे तुमचं. बिघाड एक्स-रेत दिसत नाही."

"जे दिसत न्हाय ते तुम्ही कापनार?"

मी डोळे मिटून घेतले. पण बाई शांत होत्या. "काका, खांद्याच्या सांध्याभोवती एक अस्तर असतं. तुमचं ते जाड झालंय आणि आटलंय. म्हणून हात फिरायला जागा नाही. बारीक दोन-तीन भोकं पाडून आत कॅमेरा घालायचा, आटलेलं अस्तर जिथे घट्ट झालंय तिथे कापून मोकळं करायचं, आणि मग हात हळूहळू पूर्ण फिरवायचा. एवढंच ऑपरेशन."

कापडाची भाषा त्यांना कधी कुठल्या दवाखान्यात कुणी ऐकवली नव्हती. "आटलं म्हंजे आटलं," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "आटलेलं अस्तर ओढून वाढत न्हाय. उसवायलाच लागतं. बाई खरं बोलतायत." मग एकदम सावध झाले. "पन मना झोपवनार?"

"हो, पूर्ण भूल."

"म्हंजे मी झोपलेला आनि तुम्ही सगळी जागी. हा कुठला न्याय? सरांना आत उभं करा."

मला आत उभं करायला बाई तयार नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतो. रक्त बघितलं की मला खाली बसावं लागतं. शेवटी असं ठरलं, की आतल्या कॅमेऱ्यात जे दिसेल त्याचं रेकॉर्डिंग काकांना नंतर दाखवायचं. "पहिल्यापासून," काका म्हणाले. "मधला तुकडा काढायचा न्हाय."

"नाही काढणार. पण तुम्हीही एक ऐका," बाई म्हणाल्या. "माझं काम अर्धं. उरलेलं अर्धं तुमचं. दुसऱ्या दिवसापासून व्यायाम. दुखेल, फार दुखेल. टाळाटाळ केलीत तर खांदा परत आखडेल, आणि मग मी काही करू शकणार नाही."

काकांनी एकच प्रश्न विचारला. "सहा फूट तीन इंचावर जाईल का हात?"

बाईंना काही कळेना. मी म्हटलं, "दोरी आहे हो त्यांची."

"मेहनत केलीत तर जाईल," बाई म्हणाल्या.

ॲडमिट व्हायच्या दिवशी दुपारी मी त्यांना रिक्षातून ठाण्याला नेलं. त्यांची मुलगी बडोद्याला, त्यात बाळंतीण; काकू गाडीत बसत नाहीत; तेव्हा नातेवाईक म्हणून सही माझी. वाटेत कशेळीला नेहमीप्रमाणे गोदामांच्या ट्रकांत अडकलो. काका बाहेर बघून म्हणाले, "एवढे ट्रक एकाच टायमाला? कुनीतरी सांगितलेलं दिसतंय." रिक्षावाला म्हणाला, "चाचा, रोज का है ये." काका म्हणाले, "वोही तो. रोज कौन बोलता है इनको?"

वॉर्डात नर्सनं त्यांच्या उजव्या खांद्यावर पेनानं बाण काढला. काकांचा बाणावर भरवसा नव्हता. नर्सची पाठ वळल्यावर त्यांनी खिशातला निळा खडू काढला आणि माझ्याकडून उजव्या खांद्यावर 'हा' आणि डाव्या खांद्यावर 'हा न्हाय' असं लिहवून घेतलं. डाव्यावरचा 'न्हाय' दोनदा गिरवायला लावला.

संध्याकाळी मी भिवंडीला परत आलो. जिना चढून गॅलरीत आलो तर समोर ती दोरी. मनात आलं, आता काका नाहीत, काकू एकट्या, एवढ्या ठेंगण्या. उद्या कपडे कशा घालणार? काका परत येतील तेव्हा हात गळ्यात बांधलेला असेल. आपण दोन्ही गाठी सोडून दोरी खालच्या भोकात बांधली तर कुणाचं काय जाणार आहे? काकू आत देवाला दिवा लावत होत्या. मी पाच मिनिटांत काम उरकलं. चांगल्या कामाचा असा आनंद मला बऱ्याच दिवसांनी झाला होता. हिलासुद्धा बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना आत न्यायला आले तेव्हा मी पोचलो होतो. हिरवा डगला घातलेले काका स्ट्रेचरवर फार लहान दिसत होते. त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं आणि कानाशी म्हणाले, "सर, दोरीवर लक्ष ठेवा."

इथे हॉस्पिटलात पडून या माणसाला कळलं कसं?

दार बंद झालं. अर्ध्या तासानं हिचा फोन आला.

"अहो, काकू पडता पडता वाचल्या! कपडे घालायला कठड्यावरून वाकल्या, मान वर केली आणि भोवळ आली. मी दार उघडायला आणि त्या पुढे झुकायला एकच गाठ पडली. कमरेला मिठी मारून ओढलं मागे. बादली गेली खाली. कुणाच्या डोक्यात नाही पडली हे नशीब! आणि दोरी खाली कोणी केली हो?"

दोन मजल्यांची उंची माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मी तिथल्या बाकावर बसलो. "काकूंना दे," एवढंच म्हणालो.

काकू सावकाश बोलल्या. "सर, तुम्हाला म्हनून सांगते. पंधरा वर्षांमागं मी अशीच भोवळ येऊन पडले हुते, तिथंच गॅलरीत. हात मोडला माझा. तवा त्यांनी अँगलला वरचं भोक पाडून घेतलं आनि दोरी वर बांधली. मना बोलले, सोसायटीचा नियम हाय. तवापासून कपडे तेच घालतात. पहाटे उठून, कुनी बघायच्या आत. बाईमानसाचं काम करतो म्हनून लोक हसतील, याची लाज. साडीबी तेच घालतात माझी."

मला ती किनारीला किनार जुळलेली साडी आठवली. कापड सरळ ओढायला पस्तीस वर्षं शिकलेले हात ते! आणि आम्ही कौतुक करत होतो काकूंचं. मग वर्षभर एका डाव्या हातानं, काठीनं ढकलून ढकलून घातलेले ते तिरके कपडे आठवले.

"मागच्या आठवड्यात मी बोलले, तुमचा हात जात न्हाय तर दोरी खाली घ्या, उद्यापासून मी घालते," काकू सांगत होत्या. "तर लगेच ऑपरेशनला तयार झाले. आनि आज सकाळी बघते तर दोरी खाली. मना वाटलं, जाताना त्यांनीच केली. म्हंजे आपुन परत येनार न्हाय, आता हिची हिनंच घालायला पायजे, असं त्यांच्या मनात आलं असनार. त्यांचा सदरा हुता हातात. तो तरी घालू म्हटलं."

"दोरी मी खाली केली, काकू," मी म्हणालो. "काकांनी नाही. काका परत येणार आहेत."

पलीकडून रडण्याचा आवाज आला, आणि हॉस्पिटलच्या बाकावर बसून मीही रडलो. लाज कसली त्यात?

काका शुद्धीवर आले तेव्हा पहिला प्रश्न, "आत कोन कोन हुतं?" दुसरा, "हा हात कुनाचा?" भुलेनं उजवा हात बधिर होता, आणि खडूचा 'हा' औषधानं धुऊन गेलेला. संध्याकाळपर्यंत बधिरपणा उतरेल, असं नर्सनं सांगून पाहिलं. काकांनी डाव्या हातानं तो बधिर हात उचलला, करंगळीजवळचा लूमवरचा जुना व्रण शोधला, आणि मगच मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बाईंनी रेकॉर्डिंग दाखवलं. खांद्याच्या आत लालबुंद जाड अस्तर, आणि बारीक हत्यारानं ते कापत गेलेलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. काका पडद्याला नाक लावून बसले होते. शेवटी मागे टेकले. "कापनी सरळ हाय," म्हणाले. "पास."

घरी येताना रिक्षात त्यांनी ट्रकांबद्दल काही काढलं नाही. आदल्या संध्याकाळीच मी जाऊन दोरी पुन्हा वरच्या भोकात बांधून ठेवली होती. कुणाला कळायचं कारण नव्हतं. काका जिना चढून आले. काकू दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. काकांनी आधी काकूंकडे नाही बघितलं, दोरीकडे बघितलं. मग जवळ जाऊन गाठीकडे बघितलं.

"गाठ माझी न्हाय."

मी सगळं सांगून टाकलं. भोक, बादली, काकूंची भोवळ, सगळं. जन्मभर ज्यानं सगळ्यांवर खोटे आळ घेतले, त्याच्यापुढे मी पहिला खरा आरोपी उभा होतो. म्हटलं, आता हा माणूस सगळी इमारत डोक्यावर घेणार.

"तिला लागलं का कुठं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

काका दाराच्या उंबऱ्यावर बसले, गळ्यातला हात सांभाळत. म्हणाले, "चूक माझी हाय, सर. मी सगळ्यांवर नजर ठेवली, आनि खरी गोष्ट कुनाला सांगितली न्हाय. सांगितली असती तर तुम्ही कशाला गाठ सोडली असती?" मग नेहमीच्या आवाजात, "पन आता तुमाला शिक्षा हाय. माझा हात वर जाईपर्यंत कपडे तुम्ही घालनार. पहाटे. मी बघनार."

मी तीन महिने तरेकाकूंच्या साड्या वाळत घातल्या. शाळेत कुणाला सांगितलेलं नाही, इथेच सांगतोय. काका मागे खुर्ची टाकून बसायचे. "किनार जुळली न्हाय. काढा. परत घाला. झटका आधी, झटका! तार वाकडी जाते तुमची."

आणि मला सोडलं की स्वतःला धरायचे. दारावर कप्पी लावून दोरीनं हात वर ओढायचा, भिंतीवर बोटं चालवत न्यायची, जिथे थांबतील तिथे निळ्या खडूनं रेघ. पहिले पंधरा दिवस ते असे ओरडायचे, की आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो. तरी एक दिवस चुकवला नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईवर मात्र त्यांचा संशय होता, की ती रेघा पुसून खाली काढते. म्हणून भिंतीवर रेघेशेजारी रोज माझी सही.

एका सकाळी मी बादलीला हात घातला, तर काका म्हणाले, "ठेवा ती."

ते उठले. काकूंची पिळलेली हिरवी साडी घेतली. उजवा हात वर गेला, खांद्याच्या रेषेपाशी जरा थबकला, मग कानापर्यंत, मग डोक्यावर, आणि दोरीवर जाऊन बसला. बोटांनी दोरी पकडली. साडीचं पाणी त्यांच्या पायांवर गळत होतं.

मला वाटलं, आता काहीतरी छान बोलतील. ते सावकाश माझ्याकडे वळले. डोळे बारीक झालेले.

"सर, खरं सांगा. दोरी खाली केलीत?"

"नाही, काका."

"माझं मन राखायला?"

"शपथ घेऊ का?"

"शपथेनं काय व्हतं? टेप आना."

मी फरशीवर टेपचं टोक धरलं, त्यांनी उजव्या हातानं दुसरं टोक दोरीला लावलं. सहा फूट तीन इंच. पुन्हा मोजली. सहा तीन. काका टेप हातात धरून उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तपासणीत काही सापडलं नाही म्हणून रडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. काकांनी घाईघाईनं बाहीला डोळे पुसले आणि दरडावून विचारलं, "विमल, तुझा हात पोचतो का बघ हितं. खरं सांग."

आता एक गोष्ट मला ठाऊक होती. त्या फोनवर काकूंनी सगळ्यात शेवटी सांगितली होती. टाचा उचलल्या, तर त्यांचा हात त्या दोरीला पहिल्या दिवसापासून पोचतो. पंधरा वर्षं त्यांनी तसं कळू दिलं नव्हतं.

काकूंनी खाली बघत हात वर केला. दोरीच्या दोन बोटं खाली तो थांबला. टाचा फरशीला घट्ट टेकलेल्या होत्या.

"न्हाय पोचत," त्या म्हणाल्या.

काकांनी त्यांच्या हाताकडे बघितलं. मग खाली, त्यांच्या टाचांकडे बघितलं. 'टेप आना' येणार, 'तार तुटलीय' येणार.

"मग जा आत," काका म्हणाले. "चहा टाक. सरांनापन."

आणि ते साडीच्या किनारीला किनार जुळवायला लागले.